लँकेशायर स्पेशल टूर: रिव्ह्यू, जरा लांब झालाय

तीन-चार जणांनी विचारलं की ती लँकेशायरवाली टूर कशी झाली, आईवडिलांना घेऊन जाण्यासारखी आहे का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. टूरवाल्यांचं नाव लिहीत नाही, दादरचे आहेत एवढं पुरे, त्यांच्याशी माझं ईमेलवर अजून चालूच आहे. थोडक्यात हवं असेल तर गिरण्यांचे दिवस आणि तिकडची लोकल गाइड यांना पाचपैकी पाच, बाकी टूरला दोन, आणि ते दोनसुद्धा व्हिसाचं काम नीट केलं म्हणून.

आता सविस्तर. आपल्याकडची माणसं इंग्लंडला जातात म्हणजे लंडन करतात, फार तर बाथ नि स्टोनहेंज, मग बसमध्ये बसून लेक डिस्ट्रिक्ट आणि तसंच वर स्कॉटलंड. मधे लँकेशायर, म्हणजे वायव्य इंग्लंडमधली कापड गिरण्यांची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), लागतं तेव्हा सगळे झोपलेले असतात. त्यामुळे कोणीतरी खास लँकेशायरची टूर काढलीये हे बघूनच मी फोन लावला. आमचे बाबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे साच्यांवर (मागांवर) कापड विणायच्या खात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यांच्या तोंडून ब्लॅकबर्न, बर्नली, अ‍ॅक्रिंग्टन, ओल्डहॅम ही नावं लहानपणापासून ऐकलीत कारण मशिनरीवरच्या लोखंडी पाट्यांवर तीच असायची. मुंबईची पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली, कावसजी दावर यांची, तिची यंत्रंसुद्धा ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडची. बाबांना लंडन बघायची काडीची हौस नव्हती, पण हे सांगितल्यावर पासपोर्ट रिन्यू करायला स्वतः गेले.

पहिली खटकलेली गोष्ट ब्रोशर. नाव 'लँकेशायर स्पेशल' आणि कव्हरवर फोटो मँचेस्टरचं फुटबॉल स्टेडियम नि लिव्हरपूलचा धक्का. अहो, ही दोन्ही शहरं १९७४ मध्येच काउंटीतून बाहेर काढली, जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा. बोल्टन, रॉचडेल, ओल्डहॅम पण गेली ग्रेटर मँचेस्टरमध्ये. आता कारभार प्रेस्टनहून चालतो, जुनी राजधानी म्हणाल तर लँकेस्टर. तिकडची म्हातारी माणसं अजून हे मानत नाहीत ती गोष्ट वेगळी, बोल्टनचा माणूस स्वतःला लँकेशायरचाच म्हणवतो. आणि क्रिकेटने तर ही फेररचना कधी मनावरच घेतली नाही, लँकेशायरची टीम आजही मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवरच खेळते. तिथे बसमधले सगळे पुरुष एकदम जागे झाले. आपला फारुख इंजिनियर १९६८ ते ७६ लँकेशायरकडून खेळला. पण मला जास्त मजा वाटली ती गावागावातल्या लीगची, पिटुकली गिरणीवाली गावं आणि त्यांचे क्लब बाहेरचा एकेक प्रो, म्हणजे पगारी खेळाडू, ठेवायचे. नेल्सनला वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन, हॅसलिंग्डनला विनू मंकड, रिश्टनला आपला सुभाष गुप्ते, १९८१ मध्ये कपिल देव परत नेल्सनला. शनिवारी दुपारी गिरणीतली माणसं मॅच बघायला जायची आणि मंकडची बोलिंग बघायची, विचार करा. हे सगळं लोकल गाइडने सांगितलं हं, आमच्या टूर मॅनेजरला नेल्सन म्हटलं की ट्रफल्गारचा नेल्सनच आठवत होता.

ही गाइड म्हणजे बर्नलीच्या एक रिटायर्ड शाळामास्तरीण. टूरची सगळी किंमत त्यांच्यामुळे वसूल. त्यांना आधीच कळलं होतं की ग्रुपमध्ये मुंबईचा एक साचेवाला आहे, तर त्या बाबांना मागच्या सीटवर बसूच देईनात.

आता क्वीन स्ट्रीट मिल. बर्नलीच्या टोकाला हार्ल साइक म्हणून वस्ती आहे तिथे. १८९४-९५ ला बांधलेली, गावातल्याच लोकांनी शेअर घेऊन काढलेली विणकामाची गिरणी. वाफेच्या इंजिनावर साचे चालतात अशी ही जगातली शेवटची उरलेली. बाहेरून बघाल तर काळाचौकीत उभे आहोत असं वाटेल, तीच उंच चिमणी, तेच करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. त्या छपराची काच उत्तरेकडे तोंड करून का असते हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, ऊन थेट कापडावर पडत नाही, तुटलेला धागा पटकन दिसतो. लालबागच्या शेडला हेच होतं, बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की एवढं माहीत नाही तुला.

आत शेडमध्ये तीनशेच्या आसपास साचे उभे आहेत, वरून लोखंडी शाफ्ट आणि प्रत्येक साच्याला चामड्याचा पट्टा. इंजिनचं नाव 'पीस', पाचशे हॉर्सपॉवर. सगळे साचे चालवत नाहीत, थोडेच लावतात, पण तेवढ्यानेसुद्धा शेजारच्याचं ऐकू येत नाही. जे साचे 'लँकेशायर लूम' म्हणून ओळखले जातात ते १८४२ मध्ये ब्लॅकबर्नच्या बुलो आणि केनवर्दी या दोघांनी काढले, बाणा (आडवा धागा) तुटला की साचा आपोआप थांबतो ही त्यातली मोठी सोय, त्यामुळे एका माणसाला चार-चार साचे देता आले. चार साचे म्हटल्यावर बाबा हसले, कारण पुढे मुंबईत कोणाला किती साचे द्यायचे यावरूनच किती भांडणं आणि किती संप झाले ते त्यांना विचारा.

तिथे साचा चालवून दाखवणाऱ्या बाईंनी एक गंमत दाखवली. एवढ्या आवाजात बोलणार कसं, तर लँकेशायरच्या विणकर बायका आवाज न काढता तोंड मोठमोठं हलवून आणि हात करून बोलायच्या, त्याला मी-मॉइंग म्हणतात, शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला घरातलं सगळं सांगायची. बाईंनी करून दाखवलं. मग बाबांनी त्यांच्या साचेखात्यातल्या खुणा केल्या, अंगठा ओठाला लावून मान तिरकी म्हणजे चहाला चल, दोन बोटं खांद्यावर म्हणजे जॉबर (खात्यातला मुकादम) येतोय. बाईंना पहिली लगेच कळली. दुसरी समजल्यावर तर त्या पोट धरून हसल्या, त्यांच्याकडे जॉबरला टॅकलर म्हणतात आणि त्याच्यावरचे विनोद वेगळेच. मग धोट्याचं निघालं, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या शटलचं. पूर्वी धोट्याच्या भोकातून धागा बाहेर काढायला तोंड लावून ओढायचे, त्याला तिकडे किसिंग द शटल म्हणतात. एकाच धोट्याला सगळ्यांची तोंडं, म्हणजे रोगराई आलीच. बाबा म्हणाले आमच्याकडेपण जुने लोक करायचे, तोंडात कापूस जायचा.

आणि या सगळ्याला टूरवाल्यांनी वेळ किती दिला होता? पाऊण तास! दुपारी ट्रॅफर्ड सेंटरच्या मॉलला तीन तास आणि इथे पाऊण तास. टूर मॅनेजर दारात उभा राहून घड्याळ दाखवत होता. शेवटी गाइडबाईंनीच त्याला समजावलं की ड्रायव्हरचा ब्रेक इथेच घेऊ या. मॉलमध्ये जायचं होतं त्यांनी तोंडं वाकडी केली, पण चिमणीखाली उभं राहून फोटो मात्र सगळ्यांनी काढले.

तिथल्या पाटीवर एक गोष्ट वाचून मी थबकलेच. ही गिरणी बंद पडली १९८२ मध्ये. आपला संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, अडीच लाख कामगार बाहेर. म्हणजे जिथून हा धंदा आपल्याकडे आला तिथली ही वाफेवरची गिरणी आणि लालबाग-परळ, एकाच वर्षी. फरक एवढाच की त्यांनी ती तेल घालून, पॉलिश करून ठेवली आणि आपण टॉवर बांधले. काळाचौकीच्या टेक्स्टाइल म्युझियमचं किती वर्षं ऐकतोय ते तुम्हीच मोजा. (जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, ही गिरणी वर्षभर उघडी नसते आणि इंजिन रोज चालवत नाहीत, तारीख विचारूनच बुक करा.)

दुसऱ्या दिवशी डार्वेन. ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत. इथे जी गिरणी आहे तिचं नाव काय असावं, तर इंडिया मिल! १८६७ मध्ये पूर्ण झालेली तिची चिमणी व्हेनिसच्या घंटाघराच्या धर्तीवर बांधलीये, तीनशे फुटांच्या वर, विटांची नक्षी वगैरे, चिमणीला एवढा थाट कशाला असं वाटतं. आमच्या बसमधले एक काका म्हणाले आपल्या दादरची इंदू मिल म्हणजे पण इंडिया युनायटेडच की, सहा नंबर. बरोबर होतं त्यांचं.

डार्वेनला गांधीजी आले होते, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते तेव्हा. तो फोटो तुम्ही पाहिलेला असणार, पंचा नेसलेले गांधीजी आणि भोवती हसणाऱ्या गिरणी कामगार बायका, तो इथलाच, ग्रीनफील्ड मिलच्या बाहेरचा. तेव्हा विलायती कापडावरच्या बहिष्काराने आणि मंदीने इथल्या कितीतरी गिरण्या बंद होत्या, म्हणजे ज्याच्यामुळे आपलं काम गेलं असं ते समजत होते तोच माणूस दारात. गांधीजींनी त्यांना सांगितलं की तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे वर्षातले सहा महिने तीस कोटी असतात. तरी त्या बायकांनी जयजयकार केला. गाइडबाई सांगत होत्या की इथे अजून घराघरात ती आठवण सांगतात. टूरच्या छापील कार्यक्रमात डार्वेनबद्दल फक्त 'फोटो स्टॉप' एवढंच लिहिलंय, कशाचा फोटो तेही नाही.

आणि याच्या उलट बाजूचं पण बोललं पाहिजे. १८९६ मध्ये लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दबावामुळे सरकारने हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली, आपल्याच देशात विणलेल्या कापडावर, का तर त्यांच्या मालाला स्पर्धा नको. टिळकांनी तेव्हाच विलायती कापडाविरुद्ध रान उठवलं होतं. त्याआधी तीस वर्षं मात्र अगदी उलटं झालेलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या बंद आणि लाखो लोक धर्मादायावर. याला ते कॉटन फॅमिन म्हणतात. रॉचडेलच्या वरच्या डोंगरात बेकार कामगारांकडून दगडी रस्ता करून घेतला, तो अजून आहे. आणि त्याच चार वर्षांत मुंबईत पैशांचा पाऊस, आपल्या कापसाला सोन्याचा भाव, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर, आणि त्या सट्ट्यातला मोठा व्यापारी प्रेमचंद रायचंद. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं धाडकन खाली. फोर्टमधला राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्याच देणगीतला, त्यांच्या आईच्या नावाचा. म्हणजे तिकडे चुली विझल्या तेव्हा इकडे टॉवरचे पैसे जमा होत होते. मला वाटतं मुंबईच्या माणसाला हा जिल्हा बघायला एवढं एक कारण बास आहे, आणि टूरवाल्यांनी नेमकं तेच कुठे लिहिलेलं नाही!

ब्लॅकबर्नच्या बाजारात बाबांना एक आजोबा भेटले, भरूचकडचे. साठच्या दशकात आले, गिरणीत रात्रपाळी करायचे. तेव्हा नवीन मशिनं बसवलेली, ती चोवीस तास चालवायची तर रात्री काम करायला गोरे लोक तयार नसायचे, म्हणून गुजरातमधून, पंजाबातून, पाकिस्तानातून माणसं आणली. दोघं बाकावर बसून हिंदीत रात्रपाळीच्या गप्पा मारत होते, मी आपली शेजारच्या दुकानात शेव बघत. ब्लॅकबर्नमध्ये गुजराती इतकी ऐकू येते की भुलेश्वरला आल्यासारखं वाटतं.

लँकेस्टरचा किल्ला छान आहे पण म्हाताऱ्यांना पायऱ्या फार, हे आधी सांगायला हवं होतं, आमच्यातल्या दोन काकू खालीच चहा पीत बसल्या. २०११ पर्यंत इथे चक्क तुरुंग होता, कोर्ट तर अजून भरतं. इथलाच तो १६१२ चा चेटकिणींचा खटला. पेंडल डोंगराजवळ एका मुलीने फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या, त्याने दिल्या नाहीत, थोड्या वेळाने तो कोसळला, बहुतेक अर्धांगाचा झटका असणार, आणि तिच्यावर चेटूक केल्याचा आळ. तिथून जे सुरू झालं ते दहा जणांच्या फाशीपर्यंत. साक्षीदार कोण, तर नऊ वर्षांची जेनेट डिव्हाइस, स्वतःच्या आईविरुद्ध. तिला टेबलावर उभं केलं होतं, कारण ती इतकी लहान की कोर्टाला दिसेना. आता मात्र तिकडे चेटकीण म्हणजे ब्रँड आहे, झाडूवरची बाई दुकानांच्या पाट्यांवर, बिअरवर, बसवर. मला ते काही बरं वाटलं नाही. भुताळी म्हणून बायका मारल्याच्या बातम्या आपल्याकडे अजून येतात, तिथे उभं राहून किचेन विकत घ्यावीशी वाटेना.

पेंडल हिल स्वतः ५५७ मीटर, सह्याद्रीत फिरणाऱ्याला किरकोळ. पण वारा असा की टोपी गेली ती गेलीच. वरून हिरवी शेतं, दगडी कुंपणं, मेंढ्या, आणि दूर चिमण्या. बोलंडचा माळ आम्हाला बसच्या काचेतूनच दाखवला, क्लिदरोच्या छोट्या किल्ल्यापाशी वीस मिनिटं. निसर्गासाठी जाणार असाल तर या टूरवर पैसे घालू नका, स्वतः गाडी घेऊन जा.

मोरकँब मला अचानक आवडून गेलं. मिडलंड हॉटेल १९३३ चं, पांढरं, वळणदार, आपल्या मरीन ड्राइव्हच्या बिल्डिंगांचं भावंडच म्हणा, त्याच दशकातलं. ओहोटीला समुद्र इतका लांब जातो की दिसतच नाही. पण त्या वाळूत उतरायचं नाही, रुतणारी वाळू आहे आणि भरती माणसापेक्षा वेगाने येते. २००४ मध्ये शिंपल्या वेचणारे निदान एकवीस चिनी मजूर इथे बुडाले. उपसागर पार करायचा तर राजाने नेमलेला वाटाड्या असतो, त्याच्याबरोबरच.

ब्लॅकपूल म्हणजे जत्रा. टॉवर १८९४ चा, आयफेलची नक्कल, १५८ मीटर. आवाज, चिप्सचा वास, गाढवं, घोडागाड्या. बाबांना याची जी कथा आवडली ती अशी की प्रत्येक गिरणीगावाचा सुट्टीचा एक आठवडा ठरलेला असायचा, गिरणी बंद, चिमण्या थंड आणि अख्खं गाव ट्रेनने ब्लॅकपूलला. गणपतीत लालबागची चाळ कोकणात रिकामी व्हायची तसंच. गावांचे आठवडे वेगवेगळे, म्हणून ब्लॅकपूल सगळा उन्हाळा भरलेलं.

खाण्याचं सांगते, कारण सगळे हेच विचारतात. टूरवाल्यांनी रोज रात्री 'इंडियन डिनर' ठेवलं होतं, त्यासाठी संध्याकाळी साडेसहाला सगळं सोडून अर्धा-पाऊण तास बस, आणि मग तेच पनीर, तीच पिवळी डाळ, तोच गुलाबजाम. अरे, प्रेस्टनला बटर पाय मिळतो, आत फक्त बटाटा, कांदा, लोणी, शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिक लोकांसाठी निघालेला, म्हणजे शाकाहाऱ्यांसाठी आयता. आम्ही दुपारी स्वतःच्या पैशांनी खाल्ला. काळे वाटाणे उकडून वर व्हिनेगर घालून देतात ते बाबांनी दोनदा घेतले, व्हिनेगर न घालता, वर बॅगेतला कांदा-लसूण मसाला. भुसभुशीत लँकेशायर चीज बाजारातून घ्या, मॉलमधून नको. मटण खाणाऱ्यांनी हॉटपॉट चुकवू नका.

हॉटेल प्रेस्टनच्या बाहेर मोटरवेला चिकटून. खोल्या स्वच्छ, उशा चांगल्या, पण रात्री पाय मोकळे करायला पार्किंगशिवाय काही नाही. एक दिवस गरम पाणी नव्हतं, त्याबद्दल टूर मॅनेजरचं उत्तर असं की यूकेमध्ये असं असतं. असं नसतं.

परत आल्यावर मी त्यांना मोठं ईमेल लिहिलं, मॉल काढा, क्वीन स्ट्रीट मिलला अर्धा दिवस द्या, डार्वेनला गांधीजींबद्दल कोणीतरी बोलेल असं बघा, जिन्यांची माहिती आधी द्या, शिवाय गरम पाणी नव्हतं त्या दिवसाचे पैसे परत करा. पैशांबद्दल अजून उत्तर नाही. पण पुढच्या वर्षीचं ब्रोशर मात्र आलं, कव्हरवर तेच स्टेडियम, आणि आत शेवटच्या पानावर 'मिल हेरिटेज डे विथ गांधी ट्रेल', ऑप्शनल, एक्स्ट्रा चार्ज लागू.